चुन्याची रेघ

माग विकला त्याला सहा वर्षं झाली,
मागाचा खड्डा मात्र विकता आला नाही.
गोळीबार चौकातल्या आमच्या घरात
मे महिन्यात तेवढी एकच जागा थंड,
म्हणून देवरावांनी अंड्यांची पेटी तिथे उतरवली.
थर्मोकोल, एक बल्ब, कॉम्प्युटरमधला जुना पंखा,
सीताबर्डीच्या एका पोराकडून बसवून घेतलेला काटा.
बेचाळीस अंडी.
एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा,
पेन्सिलीनं, हलक्या हातानं.

बाहेर शेहेचाळीस, पेटीत साडेसदतीस.
दुपारभर बल्ब पेटतच नव्हता.
"सारं नागपूरच खुडूक बसलं वं अंड्यावर," देवराव म्हणाले.

नवव्या दिवशी नवतपा लागला
आणि तांबडीची मान वळली.
आधी वाटलं, घारीकडे पाहते आहे.
मग ती स्वतःभोवती गोल फिरली
आणि हिरवं हगली.
डॉक्टर नंदागवळींनी फाटकातूनच सांगितलं, मानमोडी.
औषध नाही. वेगळं करा, पुरा, हात धुवा.

त्याच संध्याकाळी देवरावांनी अंगणातून चुन्याची रेघ ओढली,
न्हाणीपासून पेरूपर्यंत.
"तू इकडचं पाय, मी तिकडचं पायतो."
इकडे म्हणजे मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या.
तिकडे फुली आणि गोळा.
मीच का इकडे, हे मी विचारलं नाही.
सासऱ्यांच्या दुखण्यातही असंच ठरलं होतं,
कुणीही न ठरवता.

तिकडून इकडे काहीही येऊ शकतं,
भाकर, टॉर्च, पाण्याचा जग, लाल औषधाची पुडी.
इकडून तिकडे काहीच नाही,
माझी चप्पलसुद्धा.
माझं लुगडं वेगळ्या दोरीवर.
अंगठ्यानं चोच उघडायची, ड्रॉपरनं पाणी सोडायचं,
घोट खाली उतरतो का बघत राहायचं.
पंधरा होत्या, अकरा पुरल्या.
एकीचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.
तीच जास्त आठवते.

रात्री देवराव बॅटरीवर अंडी धरून बघत
आणि दारातून हिशेब ओरडत,
"सात पोचट! तेरा नंबरात नसा दिसतात, लाल!"
मी इकडून ओरडायची, "कवडीनं पाणी घेतलं!"
हेडाऊबाईंना वाटलं, आमचं भांडण चाललंय.
अंडी ह्याच कोंबड्यांची, मग रोग आतही शिरला असेल का,
हे मात्र दोघांपैकी कुणी ओरडलं नाही.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबलं
आणि दुपारी लाइन गेली.
दोन तास ते खड्ड्यात बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते.
मला उभ्या जन्मात घातला नाही तेवढा.

एकविसाव्या रात्री फोन वाजला,
दहा पावलांवरून.
"ऐकाले येते काय?" म्हणाले, आणि फोन काचेला लावला.
आधी नुसता पंखा.
मग नखानं ताट खरवडावं तसं काही,
मग थांबून, पुन्हा.
मग एक चिव, ओली, घोगरी.
मी खुराड्यात बसले होते, मांडीवर कवडी,
मान पाठीकडे मुरडलेली, एक डोळा आभाळात.
तिनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.
पण घशातून तो जाड, खालचा आवाज काढला,
खुडूक बसलेली काढते तो.
त्यातली पाच अंडी तिची होती.

सव्वीस निघाली.
डॉक्टर म्हणाले, शेवटची मेली त्या दिवसापासून
एकवीस दिवस रेघ पुसायची नाही.
पुन्हा एकवीस.
सातव्या दिवशी पिलांच्या डोळ्यात लासोटाचा थेंब
देवरावच टाकतील. त्यांचा हात थरथरतो.
माझा थरथरत नाही.

सकाळी रेघेवर एक ताट ठेवलेलं, टरफलांचं.
"कवडीले कुटून घाल."
मी एक उन्हाकडे धरलं.
आत पापुद्रा, त्यावर वाळलेल्या नसा,
शंभर नंबरच्या सुताहून बारीक,
कुठे गाठ नाही, कुठे तुटलेलं नाही.
तीस वर्षं मी कांड्या भरल्या आहेत.

बाकीची कुटली.